दादांचं बीपी

दादा काच कापायला बसले की दुकानात कुणी बोलायचं नाही, हा नियमच होता. जाड काचेवरून हिरा एकदाच फिरायचा, चर्र असा बारीक आवाज यायचा, मग दादा काच टेबलाच्या कडेला आणून तळव्याने नुसती दाबायचे. काच बरोबर रेषेवर तुटायची. "जोर लावायचाच नसतो," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. "रेष नीट पडली पाहिजे, मग ती आपली आपण तुटते."

आरशांचं आणि खिडक्यांच्या काचांचं ते दुकान दादांनी एकट्याने उभं केलं होतं. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. त्याला दादांनी शिकवलं, धंद्याला लावलं, त्याचं लग्न करून दिलं. स्वतः लग्न केलं नाही, आणि ही गोष्ट आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या कानावर घातली. धाकटा चाळिशीला आला तरी सगळ्या गल्लीत त्याला 'धाकटा'च म्हणत. त्याची बायको लग्नाआधी औषधाच्या दुकानात काउंटरवर होती. म्हणून दादा तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. सुरुवातीला त्यात थट्टा असायची.

दुकानामागे दोन खोल्या आणि वर एक. वरच्या खोलीत नवराबायको राहायचे आणि त्यांच्या पलंगाची कुरकुर खाली दादांना ऐकू जायची. दादा सकाळी चहा पिताना त्यावरही काहीतरी बोलायचे. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर बायकोने धाकट्याच्या मागे लागून जवळच एक भाड्याची जागा बघायला लावली. दुकान सोडायचं नव्हतं, फक्त झोपायला-जेवायला वेगळं व्हायचं होतं. किल्लीसुद्धा मिळाली. ती तिने दोन दिवस कनवटीला लावून ठेवली होती, मधूनच हात लावून बघायची.

धाकट्याने दादांना सांगितलं तेव्हा दादा एवढंच म्हणाले, "बरं." त्याच दुपारी एका गिऱ्हाइकाच्या घरी खिडकीचं माप घेता घेता त्यांच्या नाकातून रक्ताची धार लागली. शर्ट लाल झाला. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, एकदा बघितलं, पुन्हा भरली. वरचं दोनशे, खालचं एकशे वीस.

"आणखी थोडं उशिरा आला असतात तर मेंदूत रक्तस्राव झाला असता," डॉक्टर म्हणाल्या. डॉक्टर पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या होत्या. "मनाला फार त्रास झालाय का हल्ली?"

दादांनी धाकट्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. संध्याकाळी धाकटा किल्ली परत देऊन आला. त्या दिवसापासून त्या घरात बीपी नांदायला आलं.

दादांचा आजार खोटा नव्हता, हे आधी सांगायला हवं. पहिल्या महिन्यात त्यांनी गोळ्या मन लावून घेतल्या आणि बीपी उतरलंही. पण गोळ्यांनी त्यांना गळून गेल्यासारखं व्हायचं. लघवीच्या गोळीमुळे लोकांच्या घरी काम करताना सारखं 'बाथरूम कुठंय' विचारावं लागायचं, त्याची त्यांना लाज वाटायची. शिवाय बीपी उतरलं तसं घरातलं वातावरणही उतरलं. धाकटा पुन्हा मोकळेपणाने शीळ घालायला लागला. एका रविवारी त्याने जेवताना सहज विषय काढला, "दादा, आता तब्येत बरी आहे, तर ती जागा..."

दादांनी ताट बाजूला सारलं. "चक्कर येतेय," म्हणाले.

पुढच्या तपासणीला वरचं एकशे नव्वद होतं. ते पुन्हा कधी खाली आलं नाही.

डॉक्टरांनी तिसरी गोळी दिली, मग चौथी, पाचवी. घरात मीठ बंद झालं. एकट्या दादांचं नव्हे, सगळ्यांचंच. "मी अळणी गिळायचं आणि तुम्ही समोर बसून चवीनं खायचं?" असं दादा म्हणाले आणि मिठाचा डबा स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. बटाटे अळणी, अंडी अळणी, भाजी अळणी. आणि तरीही बीपी चढलेलं आलं की दादा आधी ताटाकडे बघायचे आणि मग तिच्याकडे.

"डॉक्टरीणबाई, खरं सांग. हात सैल सुटतो ना तुझा?"

"दादा, मीठ तुमच्या कपाटात आहे. मी घालणार कुठून?"

"ते तुझं तुला माहीत."

धाकटा मान खाली घालून जेवायचा.

गोळ्या देण्याचं काम तिच्याकडे आलं. तिला त्यातलं कळतं, म्हणून. सकाळी पाण्याचा पेला आणि ताटलीत गोळ्या घेऊन ती दुकानात दादांच्या टेबलापाशी उभी राहायची. दादा मुद्दाम हातातलं काम संपवायचे. कधी माप पुन्हा घ्यायचे, कधी गिऱ्हाइकाला चहा सांगायचे. ती उभीच. मग वर न बघता मोठ्याने विचारायचे, "आज कुठलं विष आणलंयस?" गिऱ्हाईक हसायचं. तीही हसल्यासारखं करायची. दादा सगळ्या गोळ्या एकदम तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे, पेला परत द्यायचे आणि म्हणायचे, "जा आता. स्वयंपाक बघ."

दवाखान्यात मात्र दादांचा रुबाब वाढत चालला. मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली. ग्रंथींसाठी रक्त तपासलं. रात्री झोपेत श्वास अडकतो का ते पाहायला अंगाला तारा लावून झोपवलं. काहीच सापडलं नाही. डॉक्टरांनी कागदांवरून नजर उचलली की दादांना कोण आनंद व्हायचा. दुकानात सांगायचे, "एवढ्या शिकलेल्या बाईनं हात टेकले बघा. माझं बीपी कुणाच्या बापाला ऐकत नाही."

दादांना काय हवंय ते घरात सगळ्यांनाच पाठ झालं होतं. रेडिओ मोठा लावला, बीपी. बायको बहिणीकडे दोन दिवस जाऊन येते म्हणाली, बीपी. एकदा तिला दिवस गेले होते. तेव्हा दादा एका शब्दाने बोलले नाहीत. पण वरचं दोनशे दहा आलं आणि धाकट्याने तिला रात्रंदिवस दादांच्या उशाशी बसवलं. तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ पडला. दादा म्हणाले, "चला, देवालाच काळजी आमच्या घराची." हे त्यांनी अगदी प्रेमाने म्हटलं, तिच्या डोक्यावर हात ठेवून.

नंतर नंतर तिला शंका यायला लागली. एका सकाळी तिने वरच्या खोलीत धाकट्याला विचारलं, "लघवीची गोळी घेऊन माणूस दुपारपर्यंत एका जागी बसून काच कापतो, हे तुम्हाला खरं वाटतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे ती पोटात जात नाहीये. तोंडात धरतात आणि मी वळले की काढतात."

धाकट्याने आधी दार लोटून घेतलं. "कळतंय का तू काय बोलतेयस? मरायला टेकलाय माझा भाऊ. स्वतःच्या जिवाशी असा खेळ कुणी करतं का?"

"मी डॉक्टरांना एकदा नुसतं विचारते..."

"डॉक्टरांसमोर चकार शब्द काढायचा नाही. दादांच्या कानावर गेलं ना, तर त्या धक्क्यानंच जातील. आणि मग मी तुला घरात ठेवणार नाही."

तिने विषय सोडला. पण धाकट्याच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

त्याच महिन्यात एका शाळेच्या खिडक्यांचं काम होतं. जुन्या चौकटींत नव्या काचा बसवायच्या आणि कडेने काच धरून ठेवणारी मऊ पुट्टी भरायची. दादा दुकानात बसून पुट्टीचे गोळे मळून द्यायचे, धाकटा जागेवर जाऊन भरायचा. तिसऱ्या खिडकीला अंगठ्याने पुट्टी दाबत नेताना त्याला खडा लागला. त्याने तो नखाने उकरून काढला. अर्धवट विरघळलेली गुलाबी गोळी होती. रोज ताटलीत असायची तीच. त्याने उरलेला गोळा फोडला. आत आणखी दोन निघाल्या, एक पांढरी, एक पिवळी.

धाकटा शिडीवर तसाच उभा राहिला. खाली शाळेच्या आवारात कुणी पळत होतं, कुणी ओरडत होतं. घरी जाऊन हे दाखवलं तर काय होईल, याचा त्याने विचार केला. दादांसमोर उभं राहून 'हे काय' असं विचारायचं, ही कल्पनाच त्याला सोसेना. बायको खरी ठरेल, हेही सोसेना. इतकी वर्षं ज्या भीतीपायी तो जगला ती पुट्टीत मळलेली होती, हे तर त्याला कुणाजवळही कबूल करायचं नव्हतं. त्याने तिन्ही गोळ्या पुट्टीत परत दाबल्या, पुट्टी खाचेत भरली आणि वरून पात्याने एकसारखी केली. घरी आल्यावर त्याने बायकोला एवढंच सांगितलं, "काम झालं."

थोड्या दिवसांनी डॉक्टर म्हणाल्या, "पाच औषधांना दाद न देणारं बीपी फार थोड्यांचं असतं. दोन-तीन दिवस दवाखान्यात राहा. गोळ्या इथेच देऊ, लघवीही तपासायला पाठवू, म्हणजे औषध अंगात किती उतरतं ते कळेल."

दादा मोठ्या खुशीने दाखल झाले. आपल्यावर आता खास संशोधन होणार, असं त्यांनी अर्ध्या गल्लीला सांगितलं. दाखल होताच लघवीचा नमुना घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स गोळ्या घेऊन आली. दादांनी त्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायले आणि पेला परत दिला.

"आ करा," नर्स म्हणाली.

"काय?"

"तोंड उघडा. जीभ वर करा. गालात बघू दे. हं, ही राहिली. गिळा. आणखी पाणी घ्या."

दादांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणासमोर असा आ केला असेल. गिळण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पाचही औषधं दिवसभरात पोटात गेली. संध्याकाळी वरचं शंभराच्या आत आलं. दादा पलंगावरून उठायला गेले ते भिंतीला धरून खाली बसले, तोंडावर घामाच्या धारा. धावपळ झाली, सलाइन लावलं, दोन औषधं तिथल्या तिथे बंद केली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर खोलीत आल्या तेव्हा दादा उशीला टेकून पडले होते. धाकटा पायाशी होता, ती खिडकीपाशी. डॉक्टरांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला.

"यांचं बीपी औषधांना उत्तम दाद देतं," त्या म्हणाल्या. "इतकं की मला घाबरायला झालं. घरून आले तेव्हाच्या लघवीत एकाही औषधाचा मागमूस नव्हता. म्हणजे एवढे दिवस औषध पोटात गेलेलंच नाही." मग विचारलं, "घरी गोळ्या कोण देतं?"

दादांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि कानाकडे वाहत गेलं.

"जाऊ द्या डॉक्टर," ते क्षीण आवाजात म्हणाले. "घरची गोष्ट आहे. लेकरू आहे ते. चुकलं असेल."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती एकदम ओरडली, "मी रोज देते! पाचच्या पाच! हेच थुंकतात! डॉक्टर, हे तोंडात धरतात, काल तुमच्या नर्सनंसुद्धा बघितलं."

"घशात अडकली होती," दादा म्हणाले. "सवय नाही ना इतक्या गोळ्यांची."

डॉक्टर दोघांकडे बघत राहिल्या. "औषध पोटात गेलं नाही एवढंच मला तपासणीतून कळतं. का गेलं नाही, ते तुम्हीच ठरवा."

ती धाकट्याकडे वळली. "अहो, सांगा ना. मी तुम्हाला म्हटलं होतं की नाही? तेव्हाच म्हटलं होतं ना?"

धाकट्याने सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं. एकेक थेंब पडत होता. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. त्याने ओठ उघडले आणि दादांनी डोळे उघडले. दोघा भावांची नजर एकमेकांना भिडली. दादांना त्या क्षणी कळलं की याला माहीत आहे. आणि हेही कळलं की हा बोलणार नाही.

"तू मला तसं काही म्हणाली नव्हतीस," धाकटा म्हणाला.

घरी आल्यावर दादांनी तिला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. "मी तुला माफ केलं," म्हणाले. "पोलिसांत जा म्हणणारे खूप भेटले, मी नाही म्हटलं. फक्त आता तुझ्या हातचं पाणी मला चालणार नाही. तुझ्या बहिणीकडे जाऊन राहा थोडे दिवस."

धाकट्याने तिची बॅग उचलून बहिणीच्या दारापर्यंत आणून दिली. "थोड्या दिवसांनी न्यायला येतो," असं म्हणाला, आणि म्हणताना त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. दादा रोज सगळ्यांसमोर 'विष' म्हणायचे ते लोकांना आता नव्याने आठवलं. बिचारा हसत हसत सांगत होता, आपल्यालाच कळलं नाही, असं लोक म्हणू लागले. शिवाय औषधांतलं शिकलेली बाई. बहिणीची सासू तिने भरलेल्या पाण्याला हात लावीना. ज्या दुकानात ती पूर्वी होती त्यांनी तिला परत घेतलं नाही. शेवटी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका औषधाच्या दुकानात काम मिळालं. आपल्याविषयी काही माहीत नसलेले लोक तिला तिथे भेटले.

इकडे डॉक्टरांनी तीनच गोळ्या ठेवल्या होत्या. त्या आता धाकटा द्यायचा. दादा त्या तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे आणि धाकटा पाठ फिरवायचा. नर्ससारखं 'आ करा' म्हणणं त्याला काही जमलं नाही. दादा अधूनमधून त्याच्याकडे बघून हसायचे. दोघांमध्ये आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, त्यामुळे दादा गोळी कधी कधी त्याच्यादेखतच पुट्टीत दाबायचे. धाकट्याने एकदा फक्त म्हटलं, "दादा, घ्या हो." दादा म्हणाले, "का? तुला पुन्हा जागा बघायचीय?"

वर्षभराने एका सकाळी दादा मोठ्या आरशाची काच कापत होते. हिरा रेषेवरून भलतीकडेच गेला. दादांनी तळव्याने दाब दिला तो नको तिथे, काच तडकली आणि दादा तिच्यावरच कलंडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

त्यानंतर काही आठवड्यांनी धाकटा तिच्या काउंटरपुढे येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. तिने आधी चिठ्ठी वाचली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"नळी घातलीय?"

"नाकातून. गिळता येत नाही." तो जरा पुढे वाकला. "शुद्धीवर आहेत. सगळं कळतं. तुझी फार आठवण काढतात."

"बोलता येतं?"

"नाही."

"मग आठवण कशी काढतात?"

धाकटा एकदम म्हणाला, "मला एकट्याला झेपत नाही गं. कूस बदलायची, पुसायचं, नळी धुवायची. दुकान बंद पडलंय. तू चल. मला सगळं माहीत होतं, तुझी चूक नव्हती. मला पुट्टीत गोळ्या सापडल्या होत्या. दवाखान्याच्या आधीच."

तिने हातातली चिठ्ठी खाली ठेवली. हे तिला माहीत नव्हतं. नवरा भित्रा आहे, भावापुढे त्याचं डोकं चालत नाही, अशी तिने एवढे दिवस मनाची समजूत घातली होती.

"मोठ्याने बोला," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

दुकानात मालक होते, आणि धाकट्याच्या मागे तिघं-चौघं उभे होते. "माझी बायको रोज गोळ्या देत होती," धाकटा म्हणाला. "भाऊ थुंकायचा. मला माहीत होतं. मी बोललो नाही."

मालकांनी बिलावरून मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मागची बाई म्हणाली, "अहो, तुमचं झालं असेल तर सरका ना. माझी रिक्षा थांबलीय." रांगेत शेवटी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली. त्यापलीकडे काहीही झालं नाही.

तिने पाठ फिरवून औषधं काढली आणि एकेक समोर ठेवली. "ही आणि ही बारीक कुटून पाण्यात विरघळवायची, वेगवेगळी. दोन्हींच्या मधे नळीत साधं पाणी सोडायचं. ही तिसरी कुटायची नाही, कुटली तर सगळी एकदम अंगात उतरेल. हिच्या बदली दुसरी द्या असं डॉक्टरांना सांगा, तोवर देऊ नका. कळलं?"

"कळलं."

"बीपी किती असतं आता?"

"एकशे वीस, ऐंशी." धाकट्याचा चेहरा क्षणभर उजळला. "डॉक्टर म्हणाल्या, इतकं छान कधीच नव्हतं."

"असणारच. आता थुंकता येत नाही."

तिने पिशवी त्याच्याकडे सरकवली आणि मागच्या बाईची चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला. धाकटा थोडा वेळ बाजूला उभा राहिला. मग तो पायऱ्या उतरून गेला.

पुढच्या खेपेपासून तो औषधं दुसऱ्या दुकानातून न्यायला लागला. दादा त्यानंतर चार वर्षं जगले. धाकट्याने त्यांचं सगळं केलं, एकट्याने, पडून पडून होते तशी एक जखम अंगावर होऊ दिली नाही. गल्लीतले लोक त्याचं उदाहरण देत असत. दादांचं बीपी शेवटपर्यंत उत्तम राहिलं.